सुताराच्या दारातून प्रॉडक्ट मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत

(धर्माबाद येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. वक्त्यांच्या बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



पत्रिकेवर आजचा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस बोलणार कशावर, तर कॉम्प्युटर सायन्स शिकलेली पोरं प्रॉडक्ट मॅनेजर का होतात यावर! आम्हाला कोडची एक ओळसुद्धा लिहिता येत नाही, हे आधीच कबूल करतो. तरीही हा विषय का घेतला, ते सांगतो.

मध्यंतरी आमच्याकडे एक ओळखीचे गृहस्थ आले. शेतकरी माणूस. मोंढ्यात मिरची घालून परस्पर आमच्या घरी. मुलगा नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला, सगळं नीट चाललेलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "सर, लेकराला शिकवायला रान गहाण ठेवलं. चार वर्षं कॉम्प्युटर शिकलं. आता म्हणतं, कोड लिहिणं सोडून प्रॉडक्ट मॅनेजर होतो. मग शिकलेलं वाया गेलं का? आणि हे म्हणजे कारखान्यातला मुकादमच ना?"

मुकादमाच्या प्रश्नाला आम्हाला हसू आलं, पण दोष त्यांचा नव्हता, आपल्या भाषेचा होता. मराठीत 'उत्पादन' हा शब्द दोन्हीकडं चालतो. माल तयार करण्याची क्रिया, तीही उत्पादन. आणि तयार झालेली वस्तू, तीही उत्पादन. कारखान्यात माल वेळेवर निघतो की नाही हे बघणारा वेगळा. आणि मुळात कोणती वस्तू करायची, कोणासाठी करायची, ती त्याच्या कामाला येते की नाही हे बघणारा वेगळा. त्यांचा मुलगा दुसऱ्या जातीचा व्यवस्थापक होणार होता.

शिकलेलं वाया गेलं का, हा त्यांचा पहिला प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यात गहाण ठेवलेलं रान होतं. त्याचं उत्तर द्यायचं तर हे काम जगात आलं कुठून, ते बघावं लागतं. आज तोच इतिहास आपण बघणार आहोत.

तिफण आणि सुतार

आपल्यापासूनच सुरुवात करू. इथं बसलेल्या वयस्कर मंडळींना तिफण आठवत असेल. तीन फण, वर चाडं, चाड्यात मूठ धरून बी सोडायचं. ही तिफण बाजारात तयार मिळत नसे. गावचा सुतार ती करायचा आणि शेतकरी त्याच्या दारात बसून करून घ्यायचा. दोन फणांत अंतर किती ठेवायचं हे पीक बघून आणि जमीन बघून ठरे. शेतकरी म्हणे, माझं रान भारी आहे, फण जरा असा बसव. सुतार म्हणे, असा बसवला तर बैलांना जड जाईल. दोघं वाद घालत, चहा पीत, आणि संध्याकाळपर्यंत तिफण तयार होई. पेरताना काही बिनसलं तर शेतकरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर.

या व्यवहारात एक गोष्ट लक्षात घ्या. करणारा आणि वापरणारा एकमेकांसमोर बसलेले होते. मध्ये कोणी नव्हतं, आणि कोणाची गरजही नव्हती. 'काय करायचं' आणि 'कसं करायचं' हे दोन प्रश्न एकाच अंगणात सुटत होते. बलुतेदारीत अन्याय पुष्कळ होता. सुताराला त्याच्या कामाचं मोल काय मिळे, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आज फक्त त्या अंगणातल्या अंतराकडं बघायचं आहे. ते अंतर जसजसं वाढत गेलं, तसतशी एक खुर्ची रिकामी होत गेली. आजची सगळी गोष्ट त्या रिकाम्या खुर्चीची आहे.

हा प्रश्न तत्त्वज्ञानाला फार जुना. प्लेटोनं 'रिपब्लिक'च्या दहाव्या पुस्तकात पावा वाजवणारा आणि पावा तयार करणारा यांचा दाखला दिला आहे. पावा चांगला की वाईट हे खरं कोणाला कळतं? वाजवणाऱ्याला. करणाऱ्यानं त्याचं ऐकून घ्यावं. ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'मध्ये हेच पुढं नेलं. घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा राहणारा नीट सांगेल, आणि जेवण कसं झालं हे आचाऱ्यापेक्षा पंगतीला बसलेला. आम्ही हे वर्गात पंचवीस-तीस वर्षं शिकवलं. तेव्हा वाटायचं, ही लोकशाहीच्या समर्थनाची युक्ती आहे. सामान्य माणसाला राज्यकारभाराचं बरंवाईट कळतं, हे सांगण्यासाठी ॲरिस्टॉटल ती वापरतो. निवृत्त झाल्यावर कळलं, की सॉफ्टवेअर कंपन्यांचा अर्धा कारभार याच युक्तीवर चालतो.

साबणवाल्याचं टिपण

कारखाना आला आणि ते अंगण मोडलं. साबण करणारा एका शहरात, अंघोळ करणारा हजार मैलांवर. साबणाला फेस कमी आला तर सांगायचं कोणाला? दुकानदाराला काही घेणं-देणं नाही, कारखान्यातल्या माणसाला पत्ता नाही.

अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबणाची मोठी कंपनी. तिथं नील मॅकेलरॉय नावाचा एक तरुण नोकरीला होता, कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम बघायचा. त्याच्या साबणाची स्पर्धा बाहेरच्यांशी होतीच, शिवाय त्याच कंपनीच्या आयव्हरी साबणाशीही होती. घरातल्या थोरल्या भावापुढं धाकट्याकडं कोणी बघू नये, तसं कॅमेचं झालेलं. मग 13 मे 1931 रोजी त्यानं वरिष्ठांना तीन पानांचं टिपण लिहिलं. म्हणणं साधं होतं. प्रत्येक साबणामागं एक माणूस नेमा. तो कुठं खपतो, कुठं खपत नाही, का खपत नाही, हे त्यानं जाऊन बघावं, उपाय सुचवावा, आणि त्या एका साबणाची सगळी जबाबदारी घ्यावी. रिकाम्या खुर्चीवर पहिल्यांदा कोणाला तरी बसवायचं ठरलं ते इथं. प्रॉडक्ट मॅनेजरचा वंशवृक्ष काढायला बसलं, की अभ्यासक साधारण याच टिपणाशी येऊन थांबतात.

पुढची गंमत ऐका. हाच मॅकेलरॉय 1948 मध्ये त्या कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि 1957 मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री. रशियानं स्पुटनिक उडवला त्याच महिन्यात त्यानं सूत्रं घेतली. त्याच्या कारकिर्दीत, 1958 साली, 'आर्पा' ही संशोधन संस्था स्थापन झाली. त्याच संस्थेच्या पैशातून 1969 मध्ये आर्पानेट उभं राहिलं, आणि पुढं त्यातून इंटरनेट आलं. साबणवाल्याला याची कल्पना असणं शक्य नव्हतं. पण आपण आज मोबाइलवर जे बघतो, त्याच्या दोन्ही टोकांना त्याचा हात लागलेला आहे.

सॉफ्टवेअर विकाऊ कधी झालं

आता कॉम्प्युटरकडं येऊ. सुरुवातीच्या काळात इथंही सुताराच्या अंगणासारखीच स्थिती होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली 'टिफरॅक' हा संगणक बांधला गेला आणि 1960 मध्ये तो चालू झाला. बांधणारे शास्त्रज्ञ, वापरणारेही शास्त्रज्ञ. गणित त्यांचं, यंत्र त्यांचं, अडचण आली तर शेजारच्या खोलीत जाऊन विचारायचं.

सॉफ्टवेअर ही वेगळी विकायची वस्तू आहे ही कल्पनाच तेव्हा रुळलेली नव्हती. यंत्र घेतलं की त्याच्याबरोबर ते येई, जसं धान्याबरोबर पोतं. जून 1969 मध्ये आयबीएम या कंपनीनं जाहीर केलं, की आता यंत्राची किंमत वेगळी आणि सॉफ्टवेअरची वेगळी. पोत्याला भाव आला म्हणा ना! तिथून सॉफ्टवेअर हे 'प्रॉडक्ट' म्हणून जोमानं उभं राहिलं. आणि वस्तू झाली, की तिला गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाइकाबरोबर ते अंतरही आलं.

आपल्याकडं गाडी वेगळ्या रुळावरून गेली. 1968 मध्ये मुंबईत टीसीएस सुरू झाली. 1981 मध्ये इन्फोसिस सुरू झाली, तीही पुण्यात. बेंगळुरूला ती नंतर गेली. या कंपन्यांनी हजारो घरं वर काढली, त्यांचं ऋण मान्यच केलं पाहिजे. पण त्यांचं मुख्य काम सेवेचं होतं. परदेशातल्या गिऱ्हाइकानं सांगायचं, हे हवंय, असं हवंय, या तारखेला हवंय. आणि आपल्या पोरांनी ते चोख करून द्यायचं. म्हणजे 'काय करायचं' हे तिकडं ठरलेलं, 'कसं करायचं' तेवढं आपल्याकडं. ती खुर्ची आपल्या इमारतीत नव्हतीच, समुद्रापलीकडं होती.

आपलं शिक्षणही त्याच साच्यात घडलं. 1981 मध्ये नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं विद्यापीठ झालं. मराठवाड्यातल्या पोराला पुण्या-मुंबईला न जाता इंजिनिअर होता येऊ लागलं, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या धर्माबादच्या पोरांना तर 2008 पासून पलीकडं बासरलासुद्धा तंत्रज्ञानाचं विद्यापीठ दिसू लागलं. जिथं आपण लेकरांचा अक्षराभ्यास करायला जातो, त्याच गावात आता कॉम्प्युटर सायन्सची पदवी मिळते! पण या सगळ्या ठिकाणी शिकवलं काय? गणित दिलंय, ते सोडव. हे गणित कोणाचं आहे, त्याला खरंच हेच हवंय का, हा प्रश्न परीक्षेला कधी आला नाही. म्हणून बापाला वाटतं, गणित सोडवणं हेच शिक्षण, बाकी सगळं वाया.

दोन जोड्या

सॉफ्टवेअरमध्ये ती खुर्ची भरली कशी, याची दोन उदाहरणं सांगतो. एक तिकडचं, एक पुण्याचं. दोन्हींत माणसांची जोडी आहे.

तिकडचं आधी. स्कॉट कुक हा गृहस्थ त्याच साबणाच्या कंपनीत शिकून तयार झालेला. घरखर्चाची बिलं मांडताना त्याची बायको कंटाळायची, ते त्यानं बघितलं. त्याला कोड येत नव्हता. टॉम प्रूल्क्स हा विद्यार्थी त्याला भेटला, त्याला कोड येत होता. दोघांनी 1983 मध्ये इंट्युइट कंपनी काढली आणि घरचा हिशोब ठेवायचं क्विकन हे सॉफ्टवेअर केलं. पुढं त्या कंपनीनं एक रिवाज पाडला. कंपनीची माणसं दुकानात उभी राहत. कोणी क्विकनचा डबा विकत घेतला, की विचारत, तुमच्या घरी येऊन तुम्ही हे कसं चालू करता ते बघू का? मग त्याच्या मागं बसून, तोंड मिटून, फक्त बघायचं. तो कुठं अडतो, कुठं चिडतो. सुताराच्या दारात शेतकरी यायचा. इथं सुतारच शेतकऱ्याच्या बांधावर गेला.

आता पुण्याची जोडी. कैलाश आणि संजय काटकर, सातारा जिल्ह्याशी नातं असलेलं घर. थोरले कैलाश दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, पुढं स्वतःचं दुकान काढलं, कॉम्प्युटरही दुरुस्त करू लागले. धाकटे संजय पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकले. नव्वदीच्या सुरुवातीला दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर व्हायरसनं बिघडलेले असत. संजयनी ते साफ करणारे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. दुकान चालवणाऱ्या थोरल्या भावाला त्यात विकण्याजोगी वस्तू दिसली. 1995 मध्ये क्विक हील बाजारात आलं. 2007 मध्ये कंपनीनंही तेच नाव घेतलं आणि 2016 मध्ये तिचे शेअर बाजारात आले.

यात कोण मोठा? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. संजयकडं पदवी होती, व्हायरसची नाडी त्यांना कळत होती. कैलाश यांच्याकडं दुकानाचा काउंटर होता. वर्षानुवर्षं त्यांनी बंद पडलेलं यंत्र घेऊन आलेल्या माणसाचं तोंड बघितलं होतं. सॉफ्टवेअरचं नाव बघा, चटकन बरं करणारं. तो शब्द दवाखान्यात, गिऱ्हाइकाच्या बाजूनं सुचतो. 'प्रॉडक्ट मॅनेजर' अशी पाटी त्या काउंटरवर नव्हती, पण ती खुर्ची भरलेली होती.

'क' कुठं ठेवायचा

आणखी एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते आपल्या सीमेवरच्या लोकांच्या बोटांशी जोडलेलं आहे.

1980 च्या दशकात कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणायचं मोठं काम झालं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं, मोहन तांबे यांचं नाव ज्याच्याशी जोडलेलं आहे, ते 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना 1988 ची. त्याच काळात 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण ठरला. रचना अशी, की स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना मांडणी जवळजवळ एकच. म्हणजे मराठीचा 'क' ज्या कळीवर, तेलुगूचा 'क'ही त्याच कळीवर. धर्माबादच्या माणसाला याहून सोयीचं काय असणार! घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि बोटं एकच.

शास्त्र म्हणून ही मांडणी फार सुंदर आहे. तिच्यामागं आपल्या वर्णमालेचा विचार आहे. पण झालं काय? कचेऱ्यांत जे लोक मराठी टाइप करणार होते, ते मराठी टाइपरायटरवर शिकलेले होते. टायपिंगच्या परीक्षा देऊन त्यांची बोटं त्या मांडणीला पक्की झालेली. त्यांना हात बदलायला सांगणं म्हणजे सही बदलायला सांगण्यासारखं. म्हणून पुढच्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरची मांडणीही द्यावी लागली. आणि मोबाइलच्या काळात आलेली पोरं तर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात. स्वर डावीकडं की उजवीकडं याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

यात चूक कोणाची, असं विचाराल तर एकाचीही नाही. 'योग्य काय' आणि 'वापरणाऱ्याच्या हाताला काय बसतं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींना मान द्यायचा, आणि त्यातून आज काय करायचं ते ठरवायचं, हे एक स्वतंत्र काम आहे. ते कोडरचं नाही, आणि नुसत्या विक्रेत्याचंही नाही.

पदवीधारकच खुर्चीवर

आत्तापर्यंतच्या जोड्यांत एक कोड जाणणारा आणि दुसरा गिऱ्हाईक जाणणारा होता. मग दोन्ही एकाच डोक्यात का असू नयेत, हा प्रश्न पुढं आला. मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेल तयार होत होतं तेव्हा, 1980 च्या दशकाच्या मध्यात, जेब ब्लूमेंथल या माणसाकडं 'प्रोग्रॅम मॅनेजर' म्हणून असं काम आलं. सॉफ्टवेअरनं वापरणाऱ्यासाठी काय करावं ते त्यानं लिहायचं, आणि कोडरांनी ते कसं करायचं ते बघायचं.

खरं वळण 2002 मध्ये आलं. गूगलमध्ये मरिसा मेयर यांनी एक योजना सुरू केली. अनुभवी व्यवस्थापक आणण्याऐवजी कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले कॉम्प्युटर सायन्सचे पदवीधर घ्यायचे आणि त्यांनाच प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून घडवायचं. कारण काय? इंजिनिअरांच्या खोलीत इंजिनिअरांची भाषा न येणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. काय सोपं, काय अवघड, काय अशक्य, हे ज्याला कळतं, त्यानं 'हे नको, ते करू' म्हटलं तर त्याला वजन येतं. म्हणजे बघा, या मार्गात पदवी ही प्रवेशपत्रिका आहे. ती टाकून देऊन तिथं जाता येत नाही.

आणि आमच्यासारख्याला सुखावणारी एक गोष्ट. स्वतः मेयर बाईंनी स्टॅनफर्डला पहिली पदवी घेतली ती 'सिम्बॉलिक सिस्टिम्स' या विषयात. त्यात कॉम्प्युटर सायन्सबरोबर भाषाशास्त्र, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञानही शिकवतात. आमच्या वर्गात शेवटच्या वर्षी तीन विद्यार्थी होते, तेव्हा हे माहीत असतं तर भिंतीवर लिहून ठेवलं असतं!

आमची स्वतःची चूक

आता इतिहास बाजूला ठेवून एक कबुली देतो.

आम्ही नोकरीत होतो तेव्हा एका महाविद्यालयात प्रवेशाचं काम कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. सॉफ्टवेअर निवडायला समिती नेमली, त्या समितीत आम्ही होतो. बैठकीत विचारलं काय? किंमत किती, हमी किती वर्षांची, बिघडलं तर माणूस किती दिवसांत येणार. झालं, सह्या केल्या.

त्या सॉफ्टवेअरमध्ये नावाचे तीन रकाने होते: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिन्ही भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नसे. मराठी घराला हे अगदी बरोबर. पण आपल्या भागात तेलुगू घरं किती आहेत, तुम्ही जाणता. त्यांच्यात घराण्याचं नाव आधी येतं, स्वतःचं नंतर, आणि वडिलांचं नाव मध्ये घालायची रीतच नाही. समजा, घराण्याचं नाव गड्डम आणि मुलीचं लक्ष्मी. दाखल्यावर 'गड्डम लक्ष्मी'. कारकुनानं काय करावं? पहिल्या रकान्यात गड्डम, तिसऱ्यात लक्ष्मी, आणि मधला रिकामा सोडता येत नाही म्हणून बापाचं नाव. कॉलेजच्या कागदावर एक मुलगी, बँकेच्या पासबुकावर दुसरी. शिष्यवृत्ती अडकली.

अशाच एका मुलीनं आमच्याकडं येऊन सांगितलं, तेव्हा आम्ही तिला शपथपत्र करून आणायला सांगितलं. ती तालुक्याला गेली, परत आली, पुन्हा काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा गेली. शेवटी पैसे आले. पण तोवर वर्ष सरत आलं होतं, खोलीचं भाडं थकलं होतं, आणि ती गावी परत गेली होती. पुन्हा वर्गात दिसली नाही.

तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराला आम्ही मनातल्या मनात बरीच वर्षं दोष दिला. आज वाटतं, त्याची चूक नव्हती. त्याला तीन रकाने सांगितले, त्यानं तीन रकाने केले, आणि ते बरोबर चालत होते. कोडमध्ये एकही चूक नव्हती. ते वापरणार कोण, त्यांची नावं कशी असतात, हे विचारायची खुर्ची रिकामी होती. आणि त्या खुर्चीच्या सगळ्यांत जवळ बसलेले आम्ही होतो. सीमेवर जन्मलेले, वर्गात रोज तेलुगू नावांची हजेरी घेणारे, ॲरिस्टॉटलचं ते उदाहरण फळ्यावर लिहिणारे. आम्हाला सुचलं नाही.

मग मुलाला काय सांगायचं

त्या शेतकरी मित्राला आम्ही जे सांगितलं, तेच इथं बसलेल्या पोरांना सांगतो.

शिकलेलं वाया जात नाही, पण ते आपोआप कामालाही येत नाही. आज कोड लिहिताय ना? मग खुर्ची मिळायची वाट न बघता तिचं काम सुरू करा. तुम्ही केलेली गोष्ट वापरणाऱ्या एका माणसाशेजारी जाऊन बसा. मदत करू नका, समजावू नका, बघा. तो कुठं थांबला ते वहीत लिहा. आपल्या तालुक्यातच बघायचं असेल तर ई-पीक पाहणीचं ॲप बघा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करायची पद्धत सुरू झाली. पूर्वी ते तलाठी करायचे. एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर बांधावर उभे राहा. उन्हात पडदा दिसतो का, बोटाला मिरचीची पूड असताना बटण दाबतं का, रेंज नसली तर तो काय करतो. त्या तासाभरात जे कळेल ते कोणत्याही पुस्तकात नाही.

दुसरं, लिहायला शिका. मॅकेलरॉयचं सगळं भांडवल तीन पानांचं टिपण होतं. साध्या भाषेत, नेमकं, कोणालाही कळेल असं लिहिता आलं पाहिजे.

तिसरं, मोहात पडू नका. नावात 'मॅनेजर' आहे म्हणून ही बढती आहे असं समजू नका. या माणसाच्या हाताखाली बहुतेक वेळा कोणी नसतं. कोडर त्याचे नोकर नाहीत, विक्रीवाले त्याचे नोकर नाहीत. वस्तू फसली तर बोल मात्र त्यालाच. पटवून देणं हेच त्याचं हत्यार. ज्याला शांतपणे कोडसमोर बसण्यात आनंद आहे, त्यानं तिथंच बसावं. संजय काटकर यांनी ते प्रोग्रॅम लिहिले नसते, तर काउंटरवर विकायला काहीच नव्हतं.

गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे सर, सुतारकी येणारा माणूस शेतकऱ्याच्या बाजूला जाऊन बसणार, असं म्हणा की." आम्ही म्हटलं, अगदी असंच. "मग बसू द्या," म्हणाले, "पण रान सोडवायचं ध्यानात ठेव म्हणावं." हे वाक्य आम्ही मुलाला जसंच्या तसं कळवलं आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न (एक विद्यार्थिनी): सर, आता एआय कोड लिहितंय. मग कॉम्प्युटर सायन्स शिकायचंच कशाला? थेट प्रॉडक्टकडंच जावं का?

उत्तर: बाळ, यंत्र तीन रकाने करून देईल, कदाचित दोन मिनिटांत करून देईल. तीनच रकाने का, हे त्याला कोणीतरी विचारायला लागेल. ते तू विचार. पण विचारायचं असेल तर रकाना आत कसा बसतो, तो रिकामा सोडला तर पुढं काय मोडतं, हे तुला कळलं पाहिजे. नाहीतर समोरचा सांगेल 'होत नाही', आणि तुला ते मान्य करावं लागेल. म्हणून शीक. मन लावून शीक.

प्रश्न (एक शिक्षक): सर, त्या मुलीचं पुढं काय झालं?

उत्तर: काही वर्षांनी मोंढ्यात भेटली. लग्न झालं होतं, कडेवर लेकरू होतं. आम्हाला ओळखलं, नमस्कार केला. लेकराला शाळेत घालायचं होतं, आणि शाळेच्या अर्जावर नाव कसं लिहू म्हणून तिनं आम्हालाच विचारलं. या वेळी मात्र आम्ही आधी तिला विचारलं, की तुम्ही घरात कसं म्हणता. तसंच लिहिलं.